मेंदूतील दुय्यम कर्करोग आणि प्रतिरक्षा-उपचार : किरणोपचाराच्या वेळापत्रकांची तुलना

मेंदूतील दुय्यम कर्करोग म्हणजे फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड, त्वचा अशा अन्य अवयवात सुरू झालेल्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूत पोहोचून तेथे वाढलेल्या गाठी. मेंदूतच उगम पावणाऱ्या प्राथमिक गाठींपेक्षा या गाठी प्रौढांमध्ये अधिक आढळतात. त्यांच्यावर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे असे तीन प्रकारचे उपचार केले जातात. त्यांपैकी किरणोपचार, ज्याला रुग्णांच्या बोलीत ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, हा अनेक दशके मुख्य आधार राहिला आहे. किरणांची एकूण मात्रा किती, ती किती बैठकांत विभागायची, मेंदूच्या किती भागावर टाकायची आणि औषधांच्या आधी, बरोबर की नंतर द्यायची, या चार निर्णयांनी किरणोपचाराचे वेळापत्रक ठरते. २०१० नंतरच्या दशकात शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे सोडणारी औषधे, म्हणजेच इम्युनोथेरपी किंवा प्रतिरक्षा-उपचार, वापरात आली आणि या चारही निर्णयांचा नव्याने विचार करणे भाग पडले.

== मात्रा, बैठक आणि त्यांचे गणित ==

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतीत एक जूल ऊर्जा शोषली गेली की ती एक ग्रे मात्रा होते. मात्र एकूण ग्रे सांगून परिणाम कळत नाही. १० बैठकांत दिलेले ३० ग्रे आणि ५ बैठकांत दिलेले ३० ग्रे हे जैविक दृष्ट्या दोन वेगळे उपचार आहेत. प्रत्येक बैठकीनंतर निरोगी पेशी आपली दुरुस्ती करतात. बैठक लहान असेल तर ही दुरुस्ती बरीचशी पूर्ण होते आणि मोठी असेल तर अपुरी राहते. मेंदूसारख्या, पेशींचे विभाजन मंद असणाऱ्या ऊतीला बैठकीच्या आकाराचा हा फरक कर्करोगाच्या गाठीपेक्षा अधिक जाणवतो.

वेळापत्रकांची तुलना करण्यासाठी ‘जैविक परिणामी मात्रा’ ही संकल्पना वापरतात. एकूण मात्रेला एका गुणकाने गुणले की ती मिळते. हा गुणक म्हणजे १ अधिक, एका बैठकीच्या मात्रेला ऊतीच्या गुणांकाने भागून आलेली संख्या. गाठीसाठी हा गुणांक साधारणपणे १० आणि निरोगी मेंदूसाठी २ धरला जातो. या सूत्राने १० बैठकांतील ३० ग्रे ही मात्रा गाठीसाठी ३९ आणि मेंदूसाठी ७५ भरते. ५ बैठकांतील २० ग्रे अनुक्रमे २८ आणि ६० भरतात. ५ बैठकांतील ३० ग्रे हे ४८ आणि १२० होतात, ३ बैठकांतील २७ ग्रे ५१.३ आणि १४८.५ होतात, तर एकाच बैठकीतील २० ग्रे ६० आणि २२० इतके होतात.

हे आकडे पाहताच एका बैठकीचा उपचार अविचाराचा वाटेल. पण तो तसा नाही, कारण हा उपचार देताना पूर्ण मात्रा फक्त गाठीवर पडते आणि काही मिलिमीटर अंतरातच ती झपाट्याने उतरते. निरोगी मेंदूच्या वाट्याला तिचा लहान अंशच येतो. शिवाय बैठकीची मात्रा फार मोठी असते तेव्हा हे सूत्रही तितकेसे विश्वासार्ह राहत नाही. म्हणून वरील संख्या तुलनेची दिशा दाखवणाऱ्या समजाव्यात, त्यावरून निकाल काढू नये.

== संपूर्ण मेंदूवरील किरणोपचार ==

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंनी किरण टाकून संपूर्ण मेंदूला सारखी मात्रा देणे. जगभर रूढ असलेली वेळापत्रके दोन आहेत. एक १० बैठकांत ३० ग्रे आणि दुसरे ५ बैठकांत २० ग्रे. आठवड्याचे पाच दिवस उपचार होत असल्याने पहिल्यास दोन आठवडे लागतात, दुसऱ्यास एक. अमेरिकेतील काही चाचण्यांत १५ बैठकांत ३७.५ ग्रे हेही वेळापत्रक वापरले गेले. आयुर्मानाच्या दृष्टीने यांत मोठा फरक आढळलेला नाही. त्यामुळे अशक्त रुग्णाला लहान वेळापत्रक देणे रास्त मानले जाते.

या पद्धतीच्या मर्यादा दोन टप्प्यांत पुढे आल्या. रॉय पॅचेल यांच्या १९९० मधील अभ्यासात, मेंदूत एकच गाठ असलेल्या ४८ रुग्णांपैकी ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढून नंतर किरण दिले त्यांचे मध्यम आयुर्मान ४० आठवडे, तर केवळ किरण दिलेल्यांचे १५ आठवडे भरले. म्हणजे गाठ थोडक्या असतील तर त्या जागी नेमका आघात करणे लाभाचे असते. दुसरा टप्पा स्मरणशक्तीचा. २००९ मध्ये एरिक चँग यांच्या ५८ रुग्णांच्या चाचणीत, लक्ष्यवेधी किरणांना संपूर्ण मेंदूच्या किरणांची जोड दिलेल्या रुग्णांत चार महिन्यांनी शिकण्याच्या व लक्षात ठेवण्याच्या क्षमतेची घट होण्याची शक्यता ५२ टक्के होती. केवळ लक्ष्यवेधी किरण घेतलेल्यांत ती २४ टक्के होती. पॉल ब्राउन यांच्या २०१६ मधील २१३ रुग्णांच्या चाचणीतही हेच चित्र दिसले. तीन महिन्यांनी बौद्धिक घट आढळलेल्यांचे प्रमाण जोड दिलेल्या गटात ९१.७ टक्के, तर दुसऱ्या गटात ६३.५ टक्के होते. आयुर्मान मात्र संपूर्ण मेंदूच्या किरणांनी वाढले नाही.

ही हानी कमी करण्यासाठी स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाला किरणांपासून वाचवणे आणि सोबत मेमँटीन हे औषध देणे, असा मार्ग निघाला. ५१८ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत त्याचा लाभ दिसून आला आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या उपचारासाठी मात्र अद्ययावत यंत्र आणि काटेकोर नियोजन लागते.

ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील ‘क्वार्ट्झ’ चाचणीने आणखी मूलभूत प्रश्न विचारला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ज्या ५३८ रुग्णांच्या मेंदूतील गाठींवर शस्त्रक्रिया किंवा लक्ष्यवेधी किरण शक्य नव्हते, त्यांपैकी निम्म्यांना ५ बैठकांत २० ग्रे दिले आणि उरलेल्यांना केवळ आधारोपचार व डेक्सामेथासोन. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मध्यम आयुर्मान अनुक्रमे ९.२ आणि ८.५ आठवडे आले. जीवनमानातही उल्लेखनीय फरक पडला नाही. फार अशक्त रुग्णाला प्रवास घडवून किरण द्यावेत की घरीच आराम द्यावा, या प्रश्नाच्या उत्तरासाठी आजही याच चाचणीकडे पाहिले जाते. ही चाचणी प्रतिरक्षा-उपचार रूढ होण्यापूर्वीच्या रुग्णांची आहे, हे तिचा आधार घेताना विसरता येत नाही.

== लक्ष्यवेधी किरणोपचार ==

स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ‘रेडिओसर्जरी’ ही कल्पना मांडली. अनेक दिशांनी बारीक किरणशलाका एकाच बिंदूवर आणायच्या, म्हणजे त्या बिंदूवर शस्त्राने छेद द्यावा तसा परिणाम होतो आणि वाटेतील ऊती वाचतात. १९६८ मध्ये त्यांनी कोबाल्टच्या अनेक स्रोतांवर चालणारे ‘गॅमा नाइफ’ हे यंत्र प्रत्यक्षात आणले. पुढे लिनिअर ॲक्सिलरेटर या यंत्रांवरही हा उपचार होऊ लागला. भारतात मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गॅमा नाइफ आले.

एका बैठकीत किती मात्रा द्यावी याचे मापदंड एडवर्ड शॉ यांच्या गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केले. २० मिलिमीटरपर्यंतच्या गाठीला २४ ग्रे, २१ ते ३० मिलिमीटरच्या गाठीला १८ ग्रे आणि ३१ ते ४० मिलिमीटरच्या गाठीला १५ ग्रे, अशी ती कमाल मात्रा होती. गाठ जितकी मोठी तितकी मात्रा कमी, हा क्रम उलटा वाटतो. पण मोठ्या गाठीभोवती किरणांच्या कक्षेत येणारा निरोगी मेंदूही मोठा असतो. परिणामी ज्या गाठीला अधिक मात्रा हवी तिलाच ती कमी मिळते. बैठका विभागण्याची कल्पना या पेचातून पुढे आली.

गाठींची संख्या किती असेपर्यंत हा उपचार योग्य, याची मर्यादाही हळूहळू सरकत गेली. २००६ मध्ये जपानमधील हिदेफुमी आओयामा यांनी चारपर्यंत गाठी असलेल्या १३२ रुग्णांत दाखवले की लक्ष्यवेधी किरणांना संपूर्ण मेंदूच्या किरणांची जोड दिली नाही तरी आयुर्मान घटत नाही. मात्र मेंदूत नव्या गाठी अधिक उद्भवतात. २०१४ मध्ये मासाआकी यामामोटो यांच्या ११९४ रुग्णांच्या अभ्यासात पाच ते दहा गाठी असलेल्यांचे आयुर्मान दोन ते चार गाठी असलेल्यांइतकेच, म्हणजे मध्यम १०.८ महिने आढळले.

== प्रतिरक्षा-उपचारांनी काय बदलले ==

रोगप्रतिकारक टी-पेशींना अनावर होऊ न देणारे काही ‘लगाम’ शरीरात असतात. सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही त्यांतील दोन प्रथिने. कर्करोगाच्या पेशी या लगामांचा गैरफायदा घेतात. लगाम सैल करून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब, निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही या वर्गातील परिचित औषधे होत.

रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसरामुळे बहुतेक औषधे मेंदूत पोहोचत नाहीत, हे जुने तत्त्व येथे पूर्णपणे लागू पडत नाही, कारण शरीरात अन्यत्र जागृत झालेल्या टी-पेशी स्वतःच मेंदूत शिरू शकतात. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात हे सर्वांत स्पष्ट दिसले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मेंदूत लक्षणे नसलेल्या ९४ रुग्णांना निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब एकत्र दिल्यावर २६ टक्क्यांत मेंदूतील मोजलेल्या गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या आणि आणखी ३० टक्क्यांत त्या आक्रसल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील जॉर्जिना लाँग यांच्या चाचणीत दोन औषधांच्या गटात ४६ टक्के, तर एकट्या निव्होलुमॅबच्या गटात २० टक्के रुग्णांना मेंदूत प्रतिसाद मिळाला. ज्यांच्यावर आधी मेंदूचे अन्य उपचार निष्फळ ठरले होते किंवा ज्यांना लक्षणे होती, त्यांच्यात हे प्रमाण अवघे ६ टक्के होते. फुप्फुसाच्या कर्करोगात, गाठीवर पीडी-एल१ हे प्रथिन असलेल्या ३७ रुग्णांपैकी ११ जणांना पेम्ब्रोलिझुमॅबने मेंदूत प्रतिसाद मिळाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणजे काही निवडक रुग्णांत किरण पुढे ढकलता येतात. पण प्रतिसाद न मिळणाऱ्यांची संख्याही मोठी आहे आणि गाठ मेंदूत असल्याने वाट पाहण्याची किंमत पक्षाघात किंवा झटक्यांच्या रूपाने मोजावी लागू शकते. म्हणून प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी किरण आणि औषध दोन्ही दिले जातात आणि वेळापत्रकाचा प्रश्न पुढे येतो.

== एक, तीन की पाच बैठका ==

दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठींबाबत सर्वांत जास्त उद्धृत होणारी तुलना इटलीतील जुझेप्पे मिन्नीती यांच्या गटाची आहे. २८९ रुग्णांच्या नोंदी मागे जाऊन तपासल्या असता, प्रत्येकी ९ ग्रेच्या ३ बैठका घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांत, तर एका बैठकीत उपचार झालेल्यांपैकी २० टक्क्यांत मेंदूची ऊती किरणांमुळे मृत झाल्याचे आढळले. गाठ नियंत्रणात राहण्याचे प्रमाणही तीन बैठकांत अधिक होते. हा अभ्यास रुग्णांची चिठ्ठी टाकून विभागणी केलेला नव्हता. डॉक्टरांनी ज्याला जे योग्य वाटले ते दिले होते. तरीही जैविक गणिताशी त्याचा मेळ बसतो. त्यामुळे मोठ्या गाठींसाठी ३ बैठकांत २७ ग्रे किंवा ५ बैठकांत २५ ते ३० ग्रे ही वेळापत्रके सर्वत्र रुळली. दोन सेंटिमीटरहून लहान, नाजूक भागापासून दूर असलेल्या गाठीसाठी एकच बैठक आजही सोयीची आणि परिणामकारक मानली जाते.

प्रतिरक्षा-उपचार चालू असताना या निवडीत आणखी एक विचार येतो. किरण पडलेल्या जागी जागृत टी-पेशी गोळा झाल्या तर दाह वाढतो आणि ऊतिमृत्यूची शक्यताही वाढते. म्हणून अशा रुग्णांत मध्यम आकाराच्या गाठींसाठीही एकाऐवजी तीन वा पाच बैठकांकडे अनेक केंद्रांचा कल आहे. यामागचे खरे कारण सुरक्षितता हे आहे. विभागलेल्या बैठकांमुळे प्रतिरक्षा-उपचार अधिक परिणामकारक होतो, हे दुसरे कारणही पुष्कळदा पुढे केले जाते. त्याला मानवी मेंदूतील पुरावा तुलनेने फार कमी आहे. ही दोन कारणे एकमेकांत मिसळल्याने या विषयावरील लेखनात बराच गोंधळ होतो.

== उंदरांतील प्रयोग आणि त्यांची मर्यादा ==

एका जागी किरण दिल्यावर दूरच्या, किरण न दिलेल्या गाठी आक्रसण्याच्या घटनेला ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. एच. मोल यांनी १९५३ मध्ये ‘ॲब्स्कोपल परिणाम’ हे नाव दिले. अनेक वर्षे ती कुतूहलाची बाब होती. २०१२ मध्ये मेलानोमाच्या एका स्त्री रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. इपिलिमुमॅब चालू असताना मणक्याजवळील एका गाठीला ३ बैठकांत २८.५ ग्रे दिल्यावर तिच्या इतर गाठीही आटल्या होत्या. त्यानंतर या परिणामाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

सँड्रा डिमारिया व सिल्व्हिया फॉर्मेंटी यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांतील गाठींवर तीन वेळापत्रके पारखली. एका बैठकीत २० ग्रे, ३ बैठकांत प्रत्येकी ८ ग्रे आणि ५ बैठकांत प्रत्येकी ६ ग्रे. सीटीएलए-४ रोखणाऱ्या औषधासोबत दूरच्या गाठींवर सर्वाधिक परिणाम तीन बैठकांच्या वेळापत्रकाने झाला. २०१७ मध्ये त्याचे कारणही पुढे आले. किरणांमुळे कर्करोगपेशीच्या द्रवात डीएनएचे तुकडे सांडतात, पेशी त्यांना विषाणूचे लक्षण समजते आणि धोक्याचा इशारा देते. मात्र एका बैठकीची मात्रा साधारण १२ ते १८ ग्रेच्या पुढे गेली की ‘ट्रेक्स-१’ हे विकर वाढून ते तुकडे साफ करते आणि इशारा विझतो.

हे स्पष्टीकरण सुबक आहे आणि त्यामुळेच मोहात पाडणारे आहे. प्रयोगांतील गाठी उंदरांच्या त्वचेखाली होत्या, मेंदूत नव्हत्या. शिवाय मेंदूतील गाठीला किरण देण्याचा पहिला हेतू ती गाठ आटोक्यात आणणे हाच असतो. दूरच्या गाठींवरील संभाव्य लाभासाठी जवळच्या गाठीची मात्रा कमी करणे कोणत्याही उपचारपद्धतीत बसत नाही.

== किरणजन्य ऊतिमृत्यू ==

उपचारानंतर काही महिन्यांपासून ते दोनेक वर्षांपर्यंत गाठीच्या जागी मेंदूची ऊती मरून सूज येते. याला किरणजन्य ऊतिमृत्यू म्हणतात. एमआरआयमध्ये तो पुन्हा उद्भवलेल्या कर्करोगासारखाच दिसतो. प्रतिरक्षा-उपचार घेणाऱ्यांत तिसरी शक्यताही असते. टी-पेशी गाठीत शिरल्यामुळे गाठ काही काळ मोठी दिसते आणि नंतर लहान होते. या तिन्हींत गल्लत झाली तर काम करत असलेले औषध थांबवले जाते किंवा नको असलेली शस्त्रक्रिया होते.

बोस्टनमधील ४८० रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिरक्षा-उपचार घेतलेल्या ११५ जणांत लक्षणे निर्माण करणाऱ्या ऊतिमृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे अडीच पट आढळला. मेलानोमाच्या रुग्णांत तो चौपट होता. नंतरच्या काही बहुकेंद्री अभ्यासांत मात्र दोन्ही उपचार एकाच काळात दिल्याने स्पष्ट वाढ दिसली नाही. धोका ठरवणारा ठळक घटक वेगळाच निघाला. एका बैठकीच्या उपचारात १२ ग्रेहून अधिक मात्रा मेंदूच्या किती घनफळावर पडते, हा तो घटक. २०२१ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी संकलित केलेल्या माहितीनुसार हे घनफळ ५ घन सेंटिमीटर असताना लक्षणे देणारा ऊतिमृत्यू सुमारे १० टक्क्यांत, १० असताना १५ टक्क्यांत आणि १५ च्या पुढे २० टक्क्यांत संभवतो. नियोजन करताना हे घनफळ मर्यादेत बसत नसेल तर बैठका विभागाव्यात, हा सर्वांत व्यवहार्य निकष ठरला आहे.

== स्टिरॉइड आणि रक्तातील लसिकापेशी ==

मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले जाते. तेच औषध रोगप्रतिकारशक्तीला दाबते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४० रुग्णांच्या अभ्यासात, पीडी-१ रोखणारा उपचार सुरू होताना रोज १० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोन चालू असलेल्या ९० जणांना लाभ कमी झाल्याचे दिसले. १० मिलिग्रॅम प्रेडनिसोन म्हणजे साधारण दीड मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. मेंदूच्या सुजेसाठी दिली जाणारी मात्रा याच्या कितीतरी पट असते. अर्थात स्टिरॉइड लागणारे रुग्ण मुळातच अधिक आजारी असतात, हेही या निष्कर्षामागचे एक कारण आहे. व्यवहारात स्टिरॉइड गरजेपुरते द्यावे आणि लवकर उतरवावे, असा सल्ला दिला जातो. ते रुग्णाने स्वतःहून एकदम बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के भाग मेंदूकडे जातो आणि रक्तातील लसिकापेशी अत्यल्प किरणांनीही मरतात. संपूर्ण मेंदूला दहा दिवस किरण देताना रोज नवे रक्त किरणांच्या कक्षेतून वाहत असते. ज्या पेशींच्या बळावर प्रतिरक्षा-उपचार उभा आहे त्यांचीच अशी झीज होते. लक्ष्यवेधी पद्धतीकडे झुकण्याचे हे आणखी एक कारण आहे.

== औषध आणि किरण यांचा क्रम ==

‘एकाच काळात’ हा शब्दप्रयोग सैलपणे वापरला जातो. निव्होलुमॅबचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे २५ दिवसांचे असल्याने एक सलाईन दिल्यावर त्याचा प्रभाव अनेक आठवडे टिकतो. किरणांच्या दिवशी औषध नसले तरी शरीरात ते असतेच. त्यामुळे बहुतेक अभ्यासांत दोहोंमध्ये चार आठवड्यांपर्यंतचे अंतर असेल तर ते एकाच काळात दिलेले धरले आहे. अशा रुग्णांचे आयुर्मान अधिक असल्याचे मागे वळून पाहणाऱ्या अनेक अभ्यासांत आढळले. त्या निष्कर्षांत एक दोष संभवतो. जो रुग्ण दोन्ही उपचार जवळजवळ घेऊ शकला तो बहुधा प्रकृतीने बरा होता. लक्ष्यवेधी किरणांसाठी प्रतिरक्षा-उपचार थांबवण्याची सहसा गरज नसते, एवढे मात्र या अभ्यासांतून पुढे आले आहे.

== महाराष्ट्रातील स्थिती ==

पाश्चात्त्य अभ्यासांतील रुग्ण प्रामुख्याने मेलानोमाचे आहेत. भारतात मेलानोमा विरळा. येथे मेंदूतील दुय्यम गाठी मुख्यतः फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगातून येतात. भारतीय रुग्णांतील फुप्फुसाच्या ग्रंथिल कर्करोगात ईजीएफआर जनुकातील बदल साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश जणांत आढळतो. अशा रुग्णांना प्रतिरक्षा-उपचाराचा लाभ कमी होतो आणि गोळ्यांच्या स्वरूपातील लक्ष्यित औषधे अधिक उपयोगी पडतात. म्हणून परदेशी टक्केवारी येथे जशीच्या तशी उचलता येत नाही. जनुक-तपासणीचा अहवाल हाती येण्यापूर्वी प्रतिरक्षा-उपचाराचा खर्च अंगावर घेणे शहाणपणाचे नाही.

मुंबईच्या परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथील दोन चाचण्या या विषयाला जवळून स्पर्श करतात. पहिली राकेश जलाली व सहकाऱ्यांची. २००१ ते २०१२ या काळात मेंदूच्या सौम्य व मंद वाढणाऱ्या प्राथमिक गाठी असलेल्या, ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांना ३० बैठकांत ५४ ग्रे हीच मात्रा दोन पद्धतींनी दिली गेली. एका गटात रूढ पद्धतीने, दुसऱ्यात गाठीच्या आकाराला घट्ट बसवून. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी दुसऱ्या गटाची बौद्धिक क्षमता अधिक टिकून होती आणि आयुर्मानात घट नव्हती. या गाठी दुय्यम नव्हत्या. पण मात्रा व बैठका सारख्या ठेवून केवळ किरणांचे क्षेत्र आवळल्याने मेंदू वाचतो, हे याहून स्वच्छ रीतीने क्वचितच दाखवले गेले आहे.

दुसरी चाचणी औषधाच्या मात्रेची. विजय पाटील, कुमार प्रभाश व सहकाऱ्यांनी डोके व मान यांच्या पुढारलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना तोंडाने घ्यायच्या तीन औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. एका वर्षाने हयात असलेल्यांचे प्रमाण त्या गटात ४३.४ टक्के, तर निव्होलुमॅब न दिलेल्या गटात १६.३ टक्के आढळले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२० मिलिग्रॅमच्या जागी ४० मिलिग्रॅम, म्हणजे अठरावा हिस्सा. भारतात प्रतिरक्षा-उपचारास पात्र असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम दोन-तीन टक्क्यांपर्यंतच तो पोहोचतो, या पार्श्वभूमीवर या चाचणीचे मोल मोठे आहे. मात्र मेंदूतील दुय्यम गाठींवर ही अल्प मात्रा पुरेल असा अर्थ तिच्यातून काढता येत नाही.

किरणोपचाराचे वेळापत्रक ग्रामीण भागात यंत्रावरही ठरते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभाट्रॉन’सारख्या कोबाल्ट यंत्रावर संपूर्ण मेंदूचा उपचार उत्तम होतो. लक्ष्यवेधी उपचारासाठी मात्र एक-दोन मिलिमीटरच्या अचूकतेचे यंत्र, मुखवट्याने डोके स्थिर ठेवण्याची सोय, पातळ छेदांचा एमआरआय आणि भौतिकतज्ज्ञ हे सर्व हवे.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याचे उदाहरण घेतले तर हा हिशेब समजतो. कराड-विटा रस्त्यावरील कडेगावातून किरणोपचारासाठी कराड, मिरज किंवा कोल्हापूर गाठावे लागते. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या वॉनलेस रुग्णालयामुळे मिरज हे या भागाचे जुने वैद्यकीय केंद्र आहे. काही विशेष सोयींसाठी पुण्या-मुंबईस जावे लागते. संपूर्ण मेंदूच्या १० बैठका म्हणजे शनिवार-रविवार धरून किमान १२ दिवस रोजचा प्रवास किंवा परगावी मुक्काम. सोबत घरातील एक कमावता माणूस अडकतो, तेही पेरणी वा ऊसतोडणीच्या दिवसांत असेल तर अधिकच. ५ बैठका एका आठवड्यात आटोपतात. एका बैठकीच्या उपचारालाही नियोजन, मुखवटा आणि एमआरआय यांमुळे दोन-तीन खेपा होतातच. तेव्हा कागदावर दिसते तितकी तिची सोय होत नाही. दूरवरून येणाऱ्या रुग्णाला ३ किंवा ५ बैठका बहुधा सर्वांत झेपणाऱ्या असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. संबंधित रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का आणि सुचवलेली नेमकी पद्धत मंजूर होते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून उपचार ठरण्यापूर्वी विचारून घेता येते.

== उपचारानंतरची देखरेख ==

लक्ष्यवेधी किरणांनंतर साधारण दर दोन ते तीन महिन्यांनी मेंदूचा एमआरआय केला जातो, कारण संपूर्ण मेंदूला किरण न दिल्यास नव्या गाठी अन्यत्र उद्भवण्याची शक्यता असते आणि त्या लहान असतानाच सापडल्या तर पुन्हा लक्ष्यवेधी उपचार करता येतो. ज्या रुग्णाला ही देखरेख परवडणार नाही किंवा जमणार नाही, त्याच्या बाबतीत लक्ष्यवेधी पद्धतीचा लाभ बराच कमी होतो. एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसली तरी रुग्णाची प्रकृती ठीक असेल तर लगेच उपचार न बदलता काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली जाते. तपासणी दरवेळी त्याच पद्धतीने झाली नाही तर तुलना फसते. म्हणून प्रत्येक एमआरआयच्या केवळ अहवालाचा कागद नव्हे तर चित्रांची मूळ तबकडी, किरणोपचाराच्या मात्रेचा गोषवारा आणि प्रतिरक्षा-उपचाराच्या प्रत्येक सलाईनची तारीख रुग्णाच्या फाइलमध्ये असणे आवश्यक असते. सहा महिन्यांनी कडेगावचा रुग्ण झटके आल्याने जवळच्या रुग्णालयात दाखल झाला, तर ऊतिमृत्यू की नवी गाठ हे ठरवताना तेथील डॉक्टरांना प्रथम हीच माहिती लागते.